मिटलेले कॉमिक कोण विकत घेणार?

या वेळचे पत्र एका स्वतंत्र कॉमिक चित्रकर्तीचे आहे. पत्र लांब असल्यामुळे त्याचा गाभा तेवढा येथे देते. त्या गेली चार वर्षे नोकरी सांभाळून स्वतःचे कॉमिक लिहितात आणि रेखाटतात. पहिला भाग २८ पानांचा झाला, त्याच्या ३०० प्रती त्यांनी स्वखर्चाने छापून घेतल्या आणि एका तीन दिवसांच्या कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिकप्रेमींच्या मेळ्यात, विक्रीसाठी टेबल घेतले. टेबलाचे भाडे, प्रवास आणि राहणे मिळून कॉमिकच्या ९० प्रतींच्या किमतीइतका खर्च झाला. प्रती खपल्या १४. शेजारच्या टेबलावर प्रसिद्ध सुपरहीरोंची चित्रे विकणाऱ्याचा सगळा माल दुसऱ्या दिवशी दुपारीच संपला. तूट भरून काढण्यासाठी त्यांनी शेवटच्या दिवशी नऊ जणांची कमिशन, म्हणजे मागणीनुसार काढून द्यायची चित्रे, घेतली, आणि दोन महिने उलटले तरी त्यांतील सहा चित्रे द्यायची राहिली आहेत. "लोक मुखपृष्ठ पाहून 'छान आहे' म्हणायचे आणि पुढे जायचे. उगाच कोणाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मी खाली मान घालून चित्र काढत बसले होते," असे त्या लिहितात. कॉमिक सोडून फॅन आर्ट (दुसऱ्याच्या प्रसिद्ध पात्रांची चित्रे) छापावे, की कन्व्हेन्शनचाच नाद सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, आणि ते खाली मान घालून बसण्याविषयीचे आहे. १४ या आकड्यावरून तुम्ही असा निष्कर्ष काढला की लोकांनी तुमचे कॉमिक नाकारले. कोणी दहा पाने वाचून पुस्तक परत ठेवले असते, तर त्याला नाकारणे म्हणता आले असते. तुमच्या हकिकतीत मात्र विकत घेण्यापूर्वी पुस्तक उघडून पाहणारा एकही माणूस मला सापडला नाही. मुखपृष्ठाकडे पाहून "छान आहे" म्हणणे ही सभ्य माणसांची पुढे सरकण्याची रीत असते, तो अभिप्राय नव्हे. त्या तीन दिवसांत तुमच्या गोष्टीची परीक्षा झालीच नाही, असे माझे मत आहे, आणि जिची परीक्षा झाली नाही तिला नापास ठरवण्याची घाई करू नये.

आधी हिशोब पाहू, कारण त्यातला बराचसा भार तुम्ही विनाकारण स्वतःवर घेतला आहे. एका प्रतीचा छपाईखर्च तिच्या किमतीच्या एक तृतीयांश आहे असे धरू. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे दोन तृतीयांश किंमत हाती राहते, आणि ९० प्रतींच्या किमतीइतका खर्च निघण्यासाठी १३५ प्रती विकाव्या लागतात. दिवसाचे आठ तास धरले तर तीन दिवसांचे २४ तास होतात, म्हणजे जागचे न उठता साधारण दर पावणेअकरा मिनिटांना एक प्रत गेली पाहिजे. नाव अनोळखी, पुस्तक पहिले आणि तेही एकच, अशा स्थितीत हे जवळजवळ कोणालाच साधत नाही. टेबल दुसऱ्या एखाद्या चित्रकाराबरोबर अर्धे वाटून घेतले, राहण्याची खोलीही वाटून घेतली आणि खर्च ५० प्रतींच्या किमतीवर आणला, तर ७५ प्रतींवर सुटका होते. तेही सोपे नाही, पण निदान माणसाच्या आवाक्यातले आहे. (टेबल वाटून घेण्याला आयोजकांची परवानगी लागते; ती अर्ज करतानाच मागावी.) उरलेली तूट स्टिकर, पोस्टकार्डे आणि कॉमिकमधल्याच एखाद्या चौकटीचे मोठे प्रिंट अशा लहान वस्तूंनी भरून निघते. खरा फरक मात्र दुसरा भाग पाडतो, कारण ज्याला पहिला आवडतो तो दोन्ही घेतो, आणि गेल्या वर्षीचा वाचक "पुढचा आला का?" असे विचारत स्वतःहून टेबल शोधत येतो. तुमचे ते १४ जण पुढच्या वर्षी येतील तेव्हा त्यांना देण्यासाठी तुमच्याकडे काही नसेल, तर ते नुकसान या वर्षीच्या तुटीपेक्षा मला मोठे वाटते.

आता त्या टेबलाकडे वळू. तुम्ही पाठवलेले छायाचित्र मी निरखून पाहिले. स्वच्छ पांढरे कापड, त्यावर कॉमिकच्या प्रतींचे दोन नीट रचलेले गठ्ठे, बाजूला एक लहानशी पाटी आणि पलीकडे खाली घातलेल्या मानेमुळे दिसणारा तुमच्या केसांचा भांग. पाटीवर लिहिले आहे: "स्मृती आणि एकटेपणा यांचा वेध घेणारी मनोविश्लेषणात्मक चित्रकथा". गठ्ठे इतके काटेकोर रचलेले आहेत की वरची प्रत उचलण्याची मलाही हिंमत झाली नसती. काही तरी मोडेल अशी भीती वाटली असती. समोरून जाणाऱ्याला हे टेबल हात लावू नका असेच सांगते.

स्वतःच छापलेली पुस्तके लोकांच्या हाती कशी पोचतात, याची जगातली सर्वांत मोठी शाळा तोक्यो येथील कॉमिकेट ही स्वप्रकाशित कॉमिकची जत्रा आहे. डिसेंबर १९७५ मध्ये ती पहिल्यांदा भरली तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे आली होती. आता ती वर्षातून दोनदा भरते आणि लाखोंची गर्दी होते. तेथे विकली जाणारी बहुसंख्य पुस्तके ही हौशी गटांनी स्वतः काढलेली दोजिन्शी असतात, आणि टेबलावर वाचण्यासाठी नमुना प्रत ठेवण्याचा रिवाज आहे. येणारा माणूस "पाहू का?" असे विचारतो, ती प्रत उभ्याउभ्या चाळतो, आवडली तर नवी प्रत घेतो, नाही तर आभार मानून ठेवून देतो, आणि यात दोन्ही बाजूंना काही वावगे वाटत नाही. पुढच्या वेळी तुमच्या टेबलावर अशी एक प्रत असलीच पाहिजे. तिच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत "वाचण्यासाठी" असे लिहा. तिच्या कडा मळतील, एखादा कोपरा दुमडेल. मळू द्या, मळलेली प्रत पाहून पुढच्या माणसाचा हात आपोआप सैल होतो.

ती प्रत मिटलेली ठेवू नका. लहान स्टँडवर ती उघडून ठेवा, आणि कोणत्या पानावर उघडायची तेही सांगते. तुमच्या कॉमिकमध्ये नवव्या पानावर रात्रपाळीचा लिफ्टचालक सवयीने दार उघडतो आणि समोर त्या इमारतीत कधीच नसलेला मजला असतो. सगळ्या दिव्यांच्या खाली सावल्या आहेत, माणसे नाहीत, आणि त्याचा हात अजून दाराच्या मुठीवरच आहे. पाठवलेल्या प्रतीत मी त्या पानाशी थांबले आणि मागची आठ पाने पुन्हा पाहिली. ते पान तुम्ही गठ्ठ्याच्या पोटात दडवून ठेवले होते. तुमची पाटीही तेथूनच घ्या: "लिफ्टचे दार उघडते, पण हा मजला या इमारतीत नाही." स्मृती आणि एकटेपणा वाचकाला विसाव्या पानावर भेटणारच आहेत, त्यांना दारातच उभे करण्याची गरज नाही.

आणि मान वर करा. येणाऱ्याच्या अंगावर धावून बोलणे तुमच्या स्वभावात नाही हे पत्रावरून कळतेच, आणि तसे करूही नये. नजर मिळाली की "चाळून पाहा ना" एवढे तीन शब्द पुरेत, त्यानंतर मात्र गप्प राहावे, कारण वाचणाऱ्याशी बोलणे म्हणजे त्याच्या हातातले पुस्तक काढून घेण्यासारखेच आहे. त्याने मान वर करून पाहिले की बोला. टेबलावर बसून चित्र काढण्याला माझा विरोध नाही. उलट, समोर चित्र उमटताना पाहायला लोक हमखास थांबतात. पण ते वहीत तोंड खुपसून काढलेले नसावे, कागद समोरच्याला दिसेल असा तिरका असावा आणि काम मध्येच थांबवता येईल असे हलके असावे. शक्य असेल तर उभे राहूनच काढा. बसलेला माणूस कामात गढलेला दिसतो आणि लोक त्याला त्रास द्यायला कचरतात.

शेजारच्या टेबलाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यात थोडा मत्सर आहे आणि तो स्वाभाविक आहे. प्रसिद्ध पात्राचे चित्र विकले जाते, कारण त्याची गोष्ट ग्राहकाने लहानपणीच वाचून संपवलेली असते. विक्रीचे निम्मे काम वीस-तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणी करून ठेवलेले असते. फॅन आर्ट काढणाऱ्यांना मी हिणवणार नाही, अनेकांचा हात तेथेच बसला आहे. पण एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्या. ती पात्रे कोणाच्या तरी मालकीची आहेत, त्यांच्यावर आधारित चित्रे विकण्याचा हक्क कायद्याने सामान्यतः त्या मालकाकडे असतो, आणि बहुतेक ठिकाणी हा व्यवहार चालतो तो मालकांनी डोळेझाक केल्यामुळे. डोळेझाक म्हणजे परवानगी नव्हे. काही कन्व्हेन्शनच्या नियमांत फॅन आर्टला मनाई असते, काहींत त्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी नियमावली वाचावी. ज्यांच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे अशी जुनी पात्रे आणि लोककथा हा त्यातल्या त्यात सुरक्षित रस्ता, पण तेथेही आंधळेपणाने जाऊ नये: अमेरिकेत १९२८ च्या लघुपटातील मिकी माऊसचे ते पहिले रूप १ जानेवारी २०२४ रोजी सार्वजनिक झाले, तरी त्या माऊसची अलीकडची रूपे आणि व्यापारचिन्हे अजून डिस्ने कंपनीचीच आहेत, आणि प्रत्येक देशाची मुदतही वेगळी.

कायद्यापेक्षाही मला दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. शेजाऱ्याकडून चित्र घेऊन गेलेल्या माणसाला तो सुपरहीरो लक्षात राहील, चित्रकार राहीलच असे नाही, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. तुमची इच्छाच असेल तर नियमांत बसणारी एक-दोन चित्रे, तुमच्या स्वतःच्या रेषेत, कोणाचेही बोधचिन्ह न वापरता, जरूर ठेवा. ती पाहून थांबलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नववे पान उघडे असू द्या. त्या चित्रांसाठी कॉमिक सोडणे मात्र मला पटत नाही.

कोणत्या कन्व्हेन्शनला जायचे याचाही विचार व्हावा. मोठ्या मेळ्यांत येणारे सगळेच काही वाचक नसतात. सॅन डिएगोचे कॉमिक-कॉन १९७० मध्ये कॉमिकवेड्यांच्या लहानशा मेळाव्यातून सुरू झाले. आज तेथे १,३०,००० हून अधिक लोक येतात आणि त्यांतल्या पुष्कळांना चित्रपट, मालिका, खेळणी आणि नटनट्या पाहायच्या असतात. अशा गर्दीत प्रिंट आणि स्टिकर चालतात, २८ पानांची शांत गोष्ट हरवते. याउलट, लहान प्रकाशकांसाठी भरणाऱ्या मेळ्यांत माणसे पुस्तके घेण्यासाठीच पिशवी घेऊन येतात. अमेरिकेत १९९४ पासून भरणारा स्मॉल प्रेस एक्स्पो हा त्याचा चांगला नमुना आहे. तुमच्या पत्रातील वर्णनावरून तुम्ही पहिल्या प्रकारच्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारचा माल नेला होता, असे दिसते. पुढचे टेबल घेण्यापूर्वी एकदा तिकीट काढून प्रेक्षक म्हणून जा, आणि बाहेर पडणाऱ्यांच्या हातांत काय आहे ते दारापाशी अर्धा तास उभे राहून पाहा. त्या अर्ध्या तासात जे कळेल ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

छपाईबद्दल मी अधिकाराने बोलू शकते, कारण या बाबतीत मी तुमच्यापेक्षा मोठी चूक केली आहे. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मी ५०० प्रती छापल्या, कारण मुद्रकाने मला पटवले की ५०० घेतल्यास एक प्रत फारच स्वस्त पडते. तो खोटे बोलत नव्हता: ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च सुरुवातीलाच होतो, तो जितक्या जास्त प्रतींवर वाटला जाईल तितकी एक प्रत स्वस्त. पण न विकलेली स्वस्त प्रत ही सर्वांत महाग प्रत असते. पलंगाखाली ठेवलेल्या खोक्यांना दमट हवेत दोन वर्षे झाली आणि मी एक गठ्ठा उघडला, तर प्रत्येक प्रतीच्या मधल्या पानावर गंजलेल्या पिनांचे दोन तपकिरी डाग उमटले होते. डिजिटल छपाईत एक प्रत थोडी महाग पडते, परंतु ती दर प्रतीला साधारण सारखीच राहते, म्हणून ५० प्रती छापाव्यात, विकाव्यात आणि पुन्हा ५० छापाव्यात, हे करता येते. तोपर्यंत तुमचे रंगही सुधारतील. तुम्ही लिहिले आहे की रात्रीच्या दृश्यांतला निळा रंग छापल्यावर मेला; तो मुद्रकाचा दोष नसावा. पडद्यावरचा निळा प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, आणि झगमगीत निळे, हिरवे व जांभळे रंग चार शाईंच्या आवाक्याबाहेरच राहतात. रंगवतानाच फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, पाहण्याची सवय ठेवा आणि प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर प्रूफ (तपासणीची नमुना छपाई) काढल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका. सेंटर पिनिंग (कागद दुमडून मधोमध पिना मारणे) करायचे तर पाने चारच्या पटीत लागतात, हे तुम्हाला माहीत असल्याचे २८ या आकड्यावरून दिसते. उरलेल्या २८६ प्रतींची चिंता नको. त्या जमिनीपासून उंच, कोरड्या जागी, खोक्यांत आडव्या ठेवा आणि प्रत्येक कन्व्हेन्शनला त्यांतल्या ४० न्या. नव्या छपाईचा विषय त्या संपेपर्यंत काढू नका.

कन्व्हेन्शनच्या तीन दिवसांत शरीराचे काय होते हे तुम्ही अनुभवलेच आहे. घसा बसणे, पाय सुजणे आणि घरी परतताच सर्दी-तापाने गाठणे यांत तुम्ही एकट्या नाही. टेबल सांभाळायला तासाभरासाठी का होईना दुसरे माणूस असावे, आणि परतल्यानंतरचा एक दिवस रजेचा धरावा. विक्रीची नोंद तासातासाला करावी, कारण रात्री थकलेल्या डोक्याने केलेला हिशोब नेहमी खिन्न निघतो.

आता कमिशनबद्दल. तुमची शेवटच्या दिवसाची धडपड मला समजते, पण तोट्याच्या भीतीने घेतलेले काम नेहमीच स्वस्तात घेतले जाते. तुम्ही नऊ जणांना वेगवेगळे आकार, वेगवेगळ्या मुदती आणि त्यांतल्या चौघांना पार्श्वभूमीसकट रंगीत चित्र कबूल केलेत, म्हणजे दर चित्रामागे किमान दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्या वेळी एकच प्रकार ठेवा: एक व्यक्ती, कमरेपर्यंत, शाईत, एका ठरावीक आकाराच्या कार्डावर, पैसे आधी, चित्र त्याच दिवशी. दिवसाला चार किंवा पाच असा आकडा पाटीवर लिहा आणि संख्या भरली की पाटी उलटी करा. "मैत्रीत थोडे कमी कर" म्हणणाऱ्यांसाठी पाटी हे फार उपयोगी उत्तर आहे, कारण पाटीशी कोणी घासाघीस करत नाही. फ्रान्स आणि बेल्जियममधील महोत्सवांत पुस्तक घेणाऱ्याला चित्रकार पहिल्या पानावर सहीबरोबर छोटे चित्र काढून देतात, आणि त्यासाठी लोक रांगा लावतात. हे काम चित्रकारांनी फुकट का करावे, असा वाद तेथे होतो आणि तो मला रास्त वाटतो. पण स्वतःचे पुस्तक स्वतः विकणाऱ्या तुमच्यासारखीला अर्ध्या मिनिटात काढलेला लिफ्टचालकाचा टोपीसकट चेहरा परवडण्यासारखा आहे. ज्या प्रतीत तो असेल ती सहसा रद्दीत जात नाही.

पुढच्या कन्व्हेन्शनचा अर्ज मात्र आज भरू नका. आज त्या सहा जणांना स्वतंत्रपणे लिहा. सबब सांगू नका, एक वाक्याची दिलगिरी पुरे. प्रत्येकाला तुम्ही खरोखर पाळू शकाल अशी तारीख द्या. आठवड्याला एक चित्र होत असेल, तर सहाव्या माणसाची तारीख दीड महिन्यानंतरची येईल, आणि ती तशीच सांगा. थांबायचे नसेल त्याला पैसे परत करण्याची तयारी त्याच संदेशात दाखवा. पहिले चित्र कोणाचे काढायचे असा प्रश्न पडला, तर ज्याने आतापर्यंत एकदाही विचारणा केलेली नाही त्याचे काढा.